सॉरीचे मूळ

३ नोव्हेंबर १९२७, गुरुवार. कार्तिक शुद्ध नवमी.

श्री गावदेवी प्रसन्न.

भाताची झोडणी काल आटोपली. शेतात ओल आहे तोवर वाल टाकायचे म्हणून कुटुंबाने बियाण्याचे मडके माळ्यावरून काढले आणि सुपात उपडे केले. वाल आले, राख आली, आणि राखेतून देवीचे दोन्ही चांदीचे डोळे आले.

मी ओटीवर पोथी वाचत होतो. कुटुंबाने सूप आणून पोथीशेजारी ठेवले.

कसे झाले ते आता स्पष्ट आठवते. नवरात्राआधी डोळे उजळायला मी घरी आणले होते. बियाण्यासाठी चाळलेली मऊ राख चांदीला फार चांगली. घासत होतो तेवढ्यात शेजारच्या मोतीबाईकडे तार आली म्हणून बोलावणे आले. गावात इंग्रजी अक्षर लावून वाचणारा मी एकटाच. तार वाचली, समजावली, चहा झाला. तेवढ्या वेळात घरात वाल राखेत घातले गेले आणि मडके माळ्यावर गेले. घटस्थापनेला देवळातली पेटी उघडली तर डोळे नाहीत. मी ते परत नेऊन पेटीत ठेवल्याचे मला तेव्हा पक्के आठवत होते. अजूनही आठवते, हे विशेष.

त्या वेळी देवीसमोर मी एवढेच म्हणालो, की धाऊ सकाळी देवळात आला होता. हे खरे होते. तोरणासाठी आंब्याचा टाळा घेऊन तो दरवर्षी येतो. बाकी जे म्हटले ते गावाने म्हटले. कातकरवाडीतल्या धाऊच्या घरातल्या कोणी गावात पाऊल टाकायचे नाही, कोणी त्यांना कामाला बोलवायचे नाही, असे ठरले. ठरवताना मी हजर होतो, पण गप्प होतो.

कुटुंब म्हणाले, “उन्हं हायत अजून. वाडी काय लांब नाय. आत्ता जाऊन सांगा त्याला, मंग देवळात चला.”

मी म्हणालो, असली गोष्ट घाईने करून चालत नाही. उद्या सकाळी स्नान करून जाईन.

४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.

सकाळी पूजा केली, डोळे फडक्यात बांधून बंडीच्या खिशात घातले आणि वाडीकडे निघालो. ओढ्यापर्यंत गेलो. तिथे लक्षात आले की काय म्हणायचे हेच ठरलेले नाही.

दगडावर बसून विचार केला. ‘चुकलो’ हे मुलांनी हिशेब चुकल्यावर म्हणायचे. ‘माफ कर’ हे लहानाने मोठ्याला म्हणायचे. मी पन्नाशीला आलेला, देवळाची व्यवस्था पाहणारा. धाऊला उलट अवघडल्यासारखे होईल. त्याला अवघडवणे योग्य नाही. ‘क्षमा’ आरतीनंतर देवाकडे मागायची असते. आपल्या भाषेत या कामाला शब्दच नाही, हे पाहून मी चकित झालो.

मग वैशाखातली गोष्ट आठवली. नेरळ स्टेशनावर माथेरानच्या गाडीकडे धावणाऱ्या एका साहेबाने बुटाने माझा पाय तुडवला. मागे न पाहता “सॉरी” म्हणाला आणि डब्यात चढला. पाय तीन दिवस सुजला होता, पण मनात काही राहिले नाही. केवढा शब्द! म्हणणारा लहान झाला नाही, ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागले नाही, गाडीही चुकली नाही.

हाच शब्द हवा. मात्र ज्याचा अर्थ पुरता ठाऊक नाही तो शब्द तोंडातून काढू नये. एकदा तसे बोलून काय झाले ते समोर आहे.

परत आलो. कुटुंबाने विचारले, “भेटला?” मी म्हणालो, तयारी चालू आहे.

५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी.

उपास. उपासात चालण्याचे श्रम नकोत.

कुटुंब म्हणाले, “उपासाला साबुदाणा चालतो आन् बोलनं चालत नाय व्हय?”

मी पोथी उघडली.

७ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळच्या गाडीने नेरळला. भिवाजी तिथे तिकीट कलेक्टर आहे. शाळेत आम्ही एका पाटीवर लिहायचो. त्याच्याकडे जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आहे, जुन्या स्टेशनमास्तरांनी पेन्शनीवर जाताना दिलेली. तो ती उशाला घेतो.

सॉरीचा अर्थ काढ म्हणालो तर मोठ्याने हसला. “काय रं तात्या, साहेबाशी भांडलास का काय?” मी म्हणालो, ज्ञानासाठी हवा आहे. “या वयात? मंग काढतो. पन आदी खिचडी खा.”

खिचडीनंतर अर्थ काढले. वहीत उतरवून घेतले ते असे. पहिला अर्थ दुःखी, ज्याच्या मनाला लागले आहे असा. हे वाचून मी थांबलो. पाय माझा तुडवला होता, मग दुःखी साहेब कसा? भिवाजी म्हणाला, “इंग्रजांचं सगळंच उलटं.” दुसरा अर्थ दीनवाणा, टाकाऊ. उदाहरण म्हणून मरतुकडे घोडे दिले होते. म्हणजे साहेब स्वतःला मरतुकडे घोडे म्हणवून घेत होता काय? तसे वाटले नाही, चांगला धष्टपुष्ट होता. तिसरा अर्थ म्हणजे नाही म्हणताना किंवा चूक झाल्यावर बोलायचा शब्द. भिवाजी म्हणाला, “हा आमचा रोजचा. डब्यात जागा नाय, सॉरी. गाडी गेली, सॉरी. त्याला दुःख कशाला व्हायला पायजे?”

तीन अर्थ, आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. मेळ बसायचा तर शब्दाचे मूळ सापडले पाहिजे. मुळाच्या जागी डिक्शनरीत दोन तुटक अक्षरे होती, ती भिवाजीला लागली नाहीत. मोठ्या स्टेशनमास्तरांना विचारून कळवतो म्हणाला.

दिवस फार उपयोगी गेला.

८ नोव्हेंबर, मंगळवार.

नवा संकल्प. सॉरी या शब्दावर छोटी पुस्तिका लिहायची. अर्थ, मूळ आणि उपयोग. हा शब्द मराठीत रुळला तर बांधाची भांडणे, भाऊबंदकीची भांडणे सगळी मिटतील. शिमग्यापर्यंत लिहून होईल.

कुटुंबाने एकटीने वाल टाकले. संध्याकाळी सांगितले की ओढ्यापलीकडे ठमी दिसली. ठमी ही धाऊची बायको. सुगीत ती आमच्यासह सात घरांचे भात कांडते आणि कांडणावळीच्या तांदळावर त्यांचे घर चालते. वाडीतली बाकी घरे दिवाळीनंतर घाटापलीकडे कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. धाऊचे घर कधी जात नाही, ते या तांदळामुळे. यंदा कांडण बंद. कोळशाचा मुकादम त्यांच्या अंगणात येऊन बसला होता.

“आन् चिमाला आठवा लागलाय,” कुटुंब म्हणाले. चिमा ही त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. “ती का रानात भट्टीपाशी बाळंत हुईल?”

मी म्हणालो, तशी वेळ येणार नाही. उद्या पौर्णिमा. देवळात सगळे गाव असते. ज्या तोंडाने देवीसमोर बोललो त्याच तोंडाने देवीसमोर ते फिरवायचे, हीच आपल्याकडची रीत आहे, दुसऱ्याने सांगून बंदी उठत नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगतो.

हे ऐकून कुटुंबाने बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिले. पानात गूळ वाढला.

९ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा. सायंकाळी ५.

भाषण तयार. सात पाने. आरंभी वाणीचे महत्त्व, मग मनुष्याची स्मरणशक्ती, मग इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ, आणि शेवटच्या पानाच्या शेवटी डोळे.

१० नोव्हेंबर, गुरुवार.

काल देवळात वारा फार होता. दिवे लावावे तसे विझत होते, सगळे त्याच गडबडीत. दोनदा उभा राहिलो. पहिल्यांदा सदू गुरवाने मला तेलाचे भांडे धरायला दिले. दुसऱ्यांदा सगळ्यांना वाटले आरतीला उभा राहिलो, म्हणून आरती सुरू झाली. आरती मी पूर्ण म्हटली. गाव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

देवीकडे पाहवले नाही. डोळ्यांच्या जागी मेणाचे दोन ठिपके आहेत. खिशावर हात ठेवून नमस्कार केला. आई, तुझे तुझ्याजवळच आहे, हातभर अंतरावर आहे, असे मनात म्हणालो.

कुटुंब आज एवढेच बोलले. “वाढलंय.”

१२ नोव्हेंबर, शनिवार.

एक अडचण ध्यानात आली. मी सॉरी म्हणालो तरी धाऊला तो शब्द ठाऊक नाही. आधी त्याला शब्द शिकवावा लागेल, मग म्हणावा लागेल. शिकवायचा तर तीन अर्थांपैकी कोणता? मूळ कळेपर्यंत थांबणे भाग आहे. यात माझा दोष नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.

ओढ्यावर बैल धूत होतो. पलीकडे धाऊ आला, खांद्यावर कुऱ्हाड. पूर्वी अलीकडे येऊन तंबाखू मागायचा. आज पाण्याच्या कडेला थांबला, एक पाऊलही पाण्यात टाकले नाही. तिथूनच म्हणाला, “राम राम, तात्या.”

मीही राम राम म्हणालो.

तो थोडा वेळ उभा राहिला. मी बैलाची शिंगे धुतली. धुतलेली होती ती पुन्हा धुतली. मग तो गेला.

बोलणे सुरू झाले हे महत्त्वाचे. ही पहिली पायरी समजतो.

घरी सांगितले तर कुटुंब म्हणाले, “त्यानं राम राम केला. तुमी काय केलंत?”

बैल धुतला, असे मी म्हणालो. खरे तेच सांगितले.

१६ नोव्हेंबर, बुधवार.

सदू गुरव सकाळी ओटीवर. “तात्या, देवीला नवं डोळं करूया म्हनत्यात. आशी आंधळी कवर ठेवायची?”

मी म्हणालो, थोडे थांबा.

“कशापायी?”

मुहूर्त नाही म्हणालो.

“डोळं लावायला मुहूर्त? आमच्या बापजाद्यांनी कदी नाय ऐकला.”

मी पंचांग आणून त्याला बराच वेळ काहीतरी दाखवले. त्याला वाचता येत नाही. तो गेल्यावर मन फार खट्टू झाले. खोटे बोललो. एका खऱ्या वाक्याने धाऊचे घर बाहेर पडले, आणि ते परत आणायला मी रोज एक खोटे बोलतो आहे. हे वाक्य खोडावे असे वाटले, पण राहू दिले.

संध्याकाळी शंभर वेळा जप केला. बरे वाटले.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.

भिवाजीचे कार्ड. ती दोन अक्षरे म्हणजे ओल्ड इंग्लिश, असे मोठे स्टेशनमास्तर म्हणाले. सॉरी हा फार जुन्या इंग्रजीतला शब्द. आणखी हवे तर खालापूरला जयवंतराव म्हणून पेन्शनर हेडमास्तर आहेत, त्यांच्याकडे मुळांचे स्वतंत्र पुस्तक आहे. खाली लिहिले आहे, “तू बरा आहेस ना?”

मूळ आता हाताशी आले. खालापूर चार तासांची वाट. माणसाने एकदा काम हाती घेतले की शेवटपर्यंत न्यावे.

१९ नोव्हेंबर, शनिवार.

कुटुंबाने बातमी आणली. मुकादमाच्या गाड्या पुढच्या शुक्रवारी, अवस उलटल्यावर निघणार. धाऊने नाव दिले आहे.

मी आखणी करून दिली. बुधवारी खालापूर. मूळ घेऊन संध्याकाळी घरी. गुरुवारी सकाळी वाडीत जायचे, धाऊला बरोबर घेऊन देवळात यायचे, डोळे बसवायचे, बंदी उठली. शुक्रवारी गाड्या त्यांच्याशिवाय जातील. एक दिवस शिल्लकही राहतो.

“आन् आज?” कुटुंब म्हणाले. “उद्या? परवा?”

आज शनिवार म्हणालो.

कुटुंब कधी रडत नाही. आज भाकरी थापताना नाक ओढत होते. धूर असावा.

२१ नोव्हेंबर, सोमवार.

वहाणांना टाके घालून आणले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार.

उद्याची शिदोरी स्वतः बांधली. मन उत्साहित आहे. पुस्तिकेचे पहिले वाक्य सुचले होते, विसरलो.

२३ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळ.

क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो, दहाला खालापूर. जयवंतराव सत्तरीचे, अंगणात तुळशीपाशी खुर्ची टाकून बसलेले. विषय ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. आठ वर्षांत कोणी शब्द विचारायला आले नाही म्हणाले. पुस्तक आणले, चष्मा पुसला, बोट लावून वाचले.

सॉरीचे मूळ एका जुन्या शब्दात आहे, त्याचा अर्थ दुखरी जागा, जखम. दुःख या अर्थाचा सॉरो म्हणून दुसरा इंग्रजी शब्द आहे. दोघांची तोंडे सारखी, पण घराणी वेगळी. लोकांनी त्यांना उगाच सख्खे भाऊ करून टाकले. सॉरी जखमेच्या घराण्यातला. म्हणणारा सांगतो की मला दुखते आहे, ठणकते आहे. पुढे तो रस्त्यावरचा झाला आणि गुळगुळीत झाला, असे जयवंतराव म्हणाले.

तिन्ही अर्थ एकदम जागेवर बसले. आत ठणकणारा माणूस दुःखी असतो, तोच दीनवाणा दिसतो, आणि चूक झाल्यावर त्याला तेच सांगायचे असते. समोरच्याचे दुखणे मला कळले, एवढे सांगून भागत नाही. तुझे दुखणे मला दुखते, असे म्हणायचे असते. साहेबाने यातले काहीही म्हटले नव्हते. तीन आठवडे मी त्याच्या मागे उगाच लागलो.

जयवंतरावांनी विचारले, “कोणाला म्हणायचे आहे का?”

मी म्हणालो, नाही, ज्ञानासाठी.

“मग सावकाश घ्या,” ते म्हणाले. “ज्ञानाला घाई नसते.”

परत येताना पावले हलकी पडत होती. आता इंग्रजी शब्दाची गरजही उरली नव्हती. धाऊ, मी डोळे राखेत विसरलो आणि तुझ्यावर ढकलले, ते माझ्या आत ठणकते आहे. एवढेच वाक्य. मोठ्याने म्हणून पाहिले. चांगले वाटत होते. पुन्हा म्हटले. दहा-बारा वेळा म्हटले असेल.

तीनच्या सुमारास पळसदरीजवळ समोरून गाड्या आल्या. चार गाड्या. अवसेला निघणे नको आणि अवसेनंतर उशीर नको, म्हणून मुकादमाने दोन दिवस आधीच बैल जुंपले होते. शेवटच्या गाडीत चिमा बोचक्यांना टेकून बसली होती, पाय लांब करून, पोटावर हात. ठमी तिच्याशेजारी टोपलीतली कोंबडी धरून. धाऊ गाडीमागे चालत होता.

धाऊ म्हणाला, “राम राम, तात्या. इकडं कुनीकडं?”

मी म्हणालो, खालापूरला गेलो होतो. तू कुठे निघालास?

“कोळशाला.”

वाक्य तयार होते. वर मी म्हटले आहे, दहा-बारा वेळा म्हटलेले. धाऊ थांबला. गाडीवानही थांबला. का थांबला ते मला कळले नाही.

मग ठमी गाडीतून म्हणाली, “काय वो तात्या, देवीचं डोळं गावलं का?”

सरळ विचारले. रागाने नाही. चिमाही माझ्याकडे पाहत होती. माझा हात बंडीच्या खिशावर होता.

मी म्हणालो, “शोध चालू आहे.”

ठमीने मान खाली घातली आणि कोंबडीचे पंख नीट केले. धाऊ म्हणाला, “बरं तात्या. जरा बाजूला व्हा, बैल बुजंल.” मी बाजूला झालो. गाडी गेली. धाऊ मागे वळला नाही. चिमा बराच वेळ पाहत होती, तिचे तोंड माझ्याकडेच होते.

घरी येऊन सगळे कुटुंबाला सांगितले. कुटुंब चुलीपाशी बसले होते. म्हणाले, “ठमीला ठावं व्हतं.”

मी म्हणालो, काय?

“डोळं गावल्याचं. गावलं त्याच दिसी मी वढ्यावर जाऊन तिला सांगितलं. म्हनलं, सूप मी उपडं केलं, ह्या डोळ्यांनी बघितलं. पन बंदी तुमच्याच तोंडानं उठायची, म्हनून गप ऱ्हा म्हनलं. आमचं मानूस देवाचं हाय, येईल, म्हनलं. रोज म्हनलं. त्या दिसी वढ्यावर धाऊला तिनंच धाडलं व्हतं. आन् आज गाडीत तिनं इचारलं ते म्हाईत नव्हतं म्हनून नाय इचारलं. तुमाला सोपं जावं म्हनून इचारलं.”

तीन आठवडे वाडी वाट पाहत होती.

आज यापुढे काही लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या.

सकाळी देवळात गेलो. सदूला गाव जमवायला सांगितले. पंधरा-वीस माणसे आली. सात पाने घरीच ठेवली होती. डोळे फडक्यातून काढून देवीला बसवले आणि सांगितले, माझ्याच घरच्या राखेत होते, मीच विसरलो, धाऊचा काही संबंध नाही.

मला वाटले होते गाव खवळेल. खवळावे असेही वाटत होते.

सदू म्हणाला, “वालाच्या राखंत? आरं तिच्या!” आणि हसला. मग सगळेच हसले. कोणी म्हणाले, बरे झाले, नवे करायला नकोत. कोणी म्हणाले, तात्यांचे वय झाले. मी विचारले, धाऊवरच्या बंदीचे काय? “उठली की,” पाटील म्हणाले, “येऊ दे त्याला, कोन नाय म्हनतोय?” आणि तपकीर ओढली.

पाच मिनिटे लागली. मी घड्याळ नेले होते.

देवीचे डोळे चांगले उजळले आहेत. राखेत महिनाभराहून अधिक राहिल्याने अधिकच चमकतात. मला समोर बसवेना.

दुपारी चौकशी केली. भट्ट्या नक्की कोणत्या रानात, हे गावात कोणाला ठाऊक नाही. घाटापलीकडे, एवढेच म्हणतात. उद्या पहाटे मी स्वतः निघणार. तीन दिवस लागोत, आठ लागोत. हा शेवटचा आणि पक्का संकल्प.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.

पाय भरून आले आहेत. परवाची आठ तासांची चाल. पहाटे उठलो, पण उंबऱ्यापर्यंत जाऊन बसलो. कुटुंबाला म्हणालो, दोन दिवस विसावा घेतो, सोमवारी निघतो.

कुटुंबाने मोतीबाईला हाक मारून विचारले, “येतीस का गं घाटापतुर?” ती आली. दोघींनी भाकऱ्या बांधल्या. कुटुंबाने वरती पायलीभर तांदूळ घेतला, चिमासाठी जुनी लुगडी घेतली, बैलांना वैरण कुठे आहे ते मला दाखवले.

“इचारत इचारत जाऊ,” म्हणाले. “धूर दिसंल तिथं इचारू.”

मी म्हणालो, धाऊला माझ्यातर्फे सांग.

“काय सांगू?”

मी सांगायला लागलो. तीन अर्थ आहेत, त्यांचे मूळ एक आहे, ते नीट सांगायला हवे, नाहीतर चुकीचे सांगशील. थांब, वहीत लिहिलेले आहे, वाचून दाखवतो. वही आणायला आत गेलो. नेमके पान सापडायला वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा दोघी ओढा ओलांडून पलीकडे गेल्या होत्या.